सोड्याची झांकी

माणूस भिंतीकडे तोंड करून पडला की त्याच्या पाठीशी बोलावं लागतं, आणि पाठीला काय डोंबल कळतं, असं आई म्हणायची. मिलच्या गेटला कुलूप लागलं त्यानंतर कित्येक महिने आम्ही बाबांच्या पाठीशीच बोलत होतो. "चहा ठेवलाय हं." पाठ. "नळ आलाय, आंघोळ उरकून घ्या." पाठ. स्नेहलतागंजात माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्यांची खाट. खाली गल्लीत सकाळी पोहेवाल्याचा झारा कढईवर वाजायचा, स्टेशनाकडून शंटिंगच्या डब्यांची आदळआपट यायची, आणि शेजारच्या शर्माजींनी नुकतीच छत्री लावून केबल घेतली होती, तिच्यातून दिवसभर कोणी ना कोणी इंग्रजीत गात असे. हे सगळं त्या पाठीवर येऊन आदळायचं आणि गळून पडायचं. मधूनच बाबा कूस बदलत, आई लगबगीनं पदराला हात पुसत यायची, आणि ते उशी उलटी करून पुन्हा भिंतीकडे वळायचे. "उशी तेवढी माझ्याकडे बघून हसली," आई म्हणायची. तिचा स्वभावच तसा. रडायचं ते ती कांदा चिरताना उरकून घ्यायची.

खरं म्हणजे बाबा आमच्या घरातला सगळ्यात बोलका माणूस. मिलच्या टाइम ऑफिसात ते टाइमकीपर होते. गेटावर कोण कधी आला, कोण धावत आला, कोण सासू आजारी असल्याचं सांगून दर महिन्याला उशिरा आला, हे सगळं ते रात्री जेवताना असं रंगवून सांगत की आम्ही भावंडं घास हातात धरून बसायचो. पण त्यांचा खरा जीव होता झांकीत. पुण्या-मुंबईच्या लोकांना झांकी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. अनंत चतुर्दशीला आमच्या इंदूरात प्रत्येक मिलचे कामगार ट्रॉल्यांवर हलते देखावे सजवून मिरवणूक काढतात. कुठे मारुती डोंगर उचलतोय, कुठे कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचतोय, आणि सगळीकडे लट्टू, म्हणजे दिवे, नुसते दिवे. सारं शहर रस्त्यावर असतं. हातोदहून, देपालपूरहून बैलगाड्या भरभरून माणसं येतात. परीक्षक मंचावर बसतात, बक्षिसं मिळतात, आणि बक्षिसापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मिरवणुकीतला तुमचा क्रम. कोणाच्या मागे कोण, हे आमच्या आजोबांच्या काळापासून ठरलेलं. बाबा आमच्या मिलच्या झांकी समितीचे सर्वेसर्वा. समुद्रमंथन असो की द्रौपदीवस्त्रहरण, पहिलं रेखाचित्र त्यांच्याच हातचं, आणि ते काढायला बसले की आई दारात उभी राहून दूधवाल्यालासुद्धा "श्श" करायची.

त्या वर्षी मिल बंद. झांकी काढायची कशी, कोणाच्या जोरावर? दुसऱ्या मिलवाल्यांनी घरोघर फिरून वर्गणी मागायला सुरुवात केली होती. आमच्याकडे बद्रीकाका रोज संध्याकाळी येऊन खाटेच्या पायथ्याशी बसत. हे मिलचे इलेक्ट्रिशियन, मूळचे हातोदचे, अंगानं बारीक, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. बाबांशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती आणि बोलणं अर्धं माळवीत. "भिया, एक बार लाइन में से निकल गए ना, तो फिर कोई अपने को घुसने नी देगा," ते पाठीला सांगत. "म्हारो बाप इनी झांकी में लट्टू बाँधतो थो." पाठ गप्प. मग बद्रीकाका माझ्याकडे बघून मान हलवत आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून भुरके मारत. आई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "मंजू, झांकी निघाली तर हा माणूस उठेल. नाही निघाली तर मला नाही माहीत." ती कधी असं बोलत नसे.

मी तेव्हा एम.एस्सी. होऊन गावाबाहेरच्या लेसरच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागले होते. सकाळी कोपऱ्यावर बस यायची. डब्यात पोळी-भाजी, वर शेव. शेवेशिवाय डबा दिला तर तो माणूस इंदूरचा नव्हे. मी काय करते हे गल्लीत कोणालाच नीट कळलं नव्हतं, पण माझ्या कामात सोड्याच्या बाटलीतला वायू असतो एवढं कुठूनतरी झिरपलं होतं. मग काय, "मंजूबेन सोडा फोडायला निघाल्या" असं पोहेवाल्यापासून शर्माजींपर्यंत सगळे म्हणत. चिडवणं होतं ते, पण खोटं नव्हतं. आम्ही खरंच तो वायू फोडत होतो. आता साठीच्या उंबऱ्यावर, गुडघ्यांना शेक देत बसलेली असताना, भाचवंडं विचारतात, "आत्या, तू नेमकं काय केलंस गं?" तेव्हा मी हेच सांगते, की बाळांनो, मी सोडा फोडला. मग ती हसतात आणि मोबाइलकडे वळतात. वळेनात का. मला आवडतं ते वाक्य.

एके दिवशी, श्रावण संपत आलेला, सुट्टी होती. मी बाहेरच्या खोलीत पोह्यांवर पिळायला लिंबं घेऊन बसले होते. आणि पाठ बोलली. "तू करतेस काय गं दिवसभर तिकडे?" एवढंच. आवाज घोगरा, वापरात नसलेल्या नळासारखा. आई स्वयंपाकघरात कढई तशीच टाकून दारात आली आणि मला खुणेनं म्हणाली, बोल, बोल. मी घाबरले हो. परीक्षेत घाबरले नव्हते एवढी. समजा उत्तर कंटाळवाणं झालं आणि ते पुन्हा वळले तर? मी तीन लिंबं घेतली आणि खाटेच्या चादरीवर ओळीनं मांडली. "बाबा, हा सोड्यातला वायू. त्याचा एक रेणू. मधलं लिंबू कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. हा इतका लहान की कोणत्याच दुर्बिणीतून दिसत नाही. मग तो दिसायला कसा आहे, ते कळायचं कसं?" पाठ हलली. खांद्यावरून एक डोळा चादरीकडे आला. "आम्ही त्याच्यावर लेसरचा असा झटका मारतो, की त्याला बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन एकदम निघून जातात. मग उरतात तीन अणू, तिघांवरही सारखाच प्रभार. सारखे प्रभार एकमेकांना सहन करत नाहीत. ते फाटकन एकमेकांपासून उडतात." मी लिंबं उडवली. एक खाटेखाली गेलं. "समोर एक तबकडी असते. विजेच्या ओढीनं ते सगळे तिच्यावर जाऊन आदळतात. कोण कुठे आदळला आणि किती वेळानं आदळला, हे आम्ही टिपतो, आणि त्यावरून उलट हिशेब लावून सांगतो की फुटायच्या आधी ते कसे उभे होते."

बाबा उठून बसले. अहो, चक्क उठून बसले! केस सगळे एका बाजूला चप्प. "थांब," ते म्हणाले. "म्हणजे कोण गेटावर केव्हा पोचला, त्यावरून तो घरून कुठून निघाला, ते तू सांगतेस."

"तसंच काहीसं."

"आणि ओळखतेस कसं, कार्बन कोणता नि दुसरा कोणता?"

"हलका आधी पोचतो, जड मागून."

"जाडे उशिरा येतात, एवढं कळायला लेसर लागला?" बाबा म्हणाले. "मला विचारायचं होतंस. अगं, हे तर आमचं टाइम ऑफिस झालं!" आणि ते हसले. आईनं दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून घेतले. नंतर तिनं त्या दिवशीच्या पोह्यांवर इतका जीरावण मसाला घातला की आम्ही सगळे हाशहुश करत खाल्ले, पण कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी बद्रीकाका आले तर मित्र खाटेवर मांडी घालून, लिंबं मांडून बसलेला. बाबांनी त्यांना सगळं पुन्हा समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं, मध्ये मध्ये वीव्हिंगच्या जाड्या मुन्नालालचं उदाहरण देत. बद्रीकाकांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा लिंबांकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "भिया," ते म्हणाले, "तो झांकी बना दो इसकी."

"कशाची?"

"सोडा की! तीन गोळे. बीच का खड़ा रहे, बाजू वाले उड़ें। लट्टू लगा दूँगा अंदर। पब्लिक पागल हो जाएगी भिया।"

मला वाटलं होतं बाबा हसून सोडून देतील. पण ते विचारात पडले. मग म्हणाले, "देव कुठे आहे त्यात? देवाशिवाय झांकी असते का?" आणि मीच, शहाणी, बोलून गेले, "मधला हलत नाही बाबा. रेणू सरळ असतो ना, दोन्हीकडून सारखाच रेटा बसतो, म्हणून कार्बन जागच्या जागी." बाबांचे डोळे चमकले. "मधे गणपती," ते म्हणाले. "सगळं फुटतंय, उडतंय, नि मधे गणपती अचल." बद्रीकाकांनी दोन्ही हात जोडले. आईनं आतून ओरडून विचारलं, भुट्ट्याचा कीस करू का सगळ्यांना? आमच्याकडे महत्त्वाच्या निर्णयाला कीसच लागतो. कोवळी कणसं किसून, तुपात हिंग-मिरची घालून, दूध ओतून तो शिजत आला की त्या वासाला गल्लीतून दोन-चार माणसं हमखास वर येतात. त्या दिवशीही आली, आणि समितीची बैठक आपोआपच झाली.

मग काय धांदल! मिलचं आवार तर बंदच. बद्रीकाकांच्या साडूची लाकडाची वखार होती, तिथे ट्रॉली उभी केली. सायकलच्या जुन्या रिंगा एकात एक अडकवून मोठाले गोळे बांधले, वर पतंगाचा कागद, आत लट्टू. सियागंजातल्या हार्डवेअरवाल्यांनी स्प्रिंगा दिल्या, "झांकी की है? ले जाओ भिया, पैसे की बात मत करो" म्हणून. सियागंजात त्या वर्षी नवल होतं. बाहेरदेशच्या रंगीत दिव्यांच्या माळा पहिल्यांदाच दुकानांतून लोंबायला लागल्या होत्या, आणि एकीकडे मिलचे लोक हातगाड्या घेऊन रोजगार शोधत फिरत होते. दुकानदार एका हातानं नवा माल उघडून दाखवत आणि दुसऱ्या हातानं आम्हांला वर्गणी देत. बाबा टोपी घालून सगळीकडे पुढे. मी सुट्टीच्या दिवशी वखारीत जायचे, तर बाबांच्या हातांत बांबू, कानावर पेन्सिल, आणि तोंडानं ओरडा, "अरे सरळ! रेणू सरळ असतो! माझ्या मुलीला विचारा!"

इथं मला एक सांगितलंच पाहिजे. पुढे कितीतरी हुशार लोकांनी मला सुचवलं, की मिलसुद्धा अशीच फुटली ना, माणसं चारी दिशांना उडाली, केवढी समर्पक उपमा! मला नाही आवडत ती. अणूंना घरभाडं नसतं आणि पोरींची लग्नं नसतात. मुन्नालाल भेळेची गाडी लावून बसला, तो काही कार्बन नव्हता. ज्यांना उपमा द्यायच्या त्यांनी खुशाल द्याव्यात, मी त्या वर्षी वखारीत लोकांचे चेहरे पाहिलेत.

इकडे प्रयोगशाळेत माझं भलतंच चाललं होतं. मधला कार्बन जागेवर राहायला तयार नव्हता. तबकडीवर त्याचे ठिपके मधोमध एकाच जागी पडायला हवेत, तर ते इकडे, तिकडे, सगळीकडे पसरलेले. मी म्हटलं, तबकडी तिरकी बसलीय. निर्वात पेटी उघडली, तबकडी पुन्हा बसवली, पंप चालू करून हवा निघेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा झटके मारले. पुन्हा पसरलेले. मग लेसरची दिशा तपासली. मग विजेच्या जोडण्या. बाबा घरी विचारत, "काय म्हणतोय कार्बन?" मी म्हणायचे, "अजून हलतोय." ते म्हणत, "दम दे त्याला." शेवटी मी माथुर सरांकडे गेले, अगदी रडकुंडीला येऊन. माथुर सर म्हणजे आमचे गाइड, लखनौचे, सावकाश बोलणारे, बोलताना पान जपून एका गालात धरणारे. त्यांनी ठिपके पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "मंजू, इसको सावधान किसने बोला?"

"सर?"

"मॉलिक्यूल को. सावधान में खड़े रहने को किसने बोला? वो तो डोलता रहता है."

मग त्यांनी सांगितलं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण समजलेलं नव्हतं. तो रेणू सरळ असतो म्हणजे सरासरीनं सरळ. प्रत्यक्षात तो क्षणोक्षणी वाकत असतो, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. कितीही थंड करा, थोडं तरी डोलणं शिल्लक राहतंच. आमचा झटका इतका क्षणिक की तो ज्या क्षणी जसा वाकला असेल तसाच सापडतो, आणि अगदी काठीसारखा ताठ असा तो जवळपास कधीच हाती लागत नाही. वाकलेला असला की बाजूच्या दोघांचा रेटा मधल्याला थोडा एकीकडे ढकलतो. म्हणजे मी जी चूक म्हणून पुसायला निघाले होते, तेच तर मोजायचं होतं! मी बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होते. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

त्याच दिवशी वखारीत झांकीची पहिली चाचणी होती. मी बसमधून उतरून तशीच तिकडे गेले, बातमी सांगायला. अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आलेली. ट्रॉलीवर मधल्या गोळ्याच्या उघड्या पाकळ्यांत गणपती बसवला होता, शाडूचा, सुरेख. तो अचल राहावा म्हणून लोखंडी अँगल आणि तारांनी ट्रॉलीला घट्ट आवळलेला. दोन्ही बाजूंना दाबलेल्या स्प्रिंगा, त्यांना टेकून ऑक्सिजनचे गोळे, गोळ्यांना धावायला रूळ. बद्रीकाकांनी जनरेटर चालू केला, गोळे उजळले, आणि माणसांच्या तोंडून "वाऽ" निघालं. बाबांनी हात वर केला, "जय गणेश!" आणि खटका ओढला.

स्प्रिंगा सुटल्या. एक स्प्रिंग दुसरीपेक्षा जरा कडक असणार, फुकट मिळालेल्या त्या स्प्रिंगा काही जुळ्या नव्हत्या. दणका असा बसला की अख्खी ट्रॉली कुरकुरत एका बाजूला हादरली, जनरेटरची वायर निसटली, सगळे लट्टू विझले, आणि गणपतीचा मुकुट घसरून एका कानावर आला. कोणीतरी म्हणालं, "गणेशजी हिल गए। अब तो मिल गई समझो।" आणि ते वाक्य सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पसरत गेलेलं मी पाहिलं. अपशकुन. प्रत्येकाच्या मनात होतंच, झांकी धड निघाली तर मिल पुन्हा उघडेल. कोणी बोलत नव्हतं इतकंच. मुन्नालाल म्हणाला, नाव मागे घेऊ या, भर बाजारात असं झालं तर लोक थुंकतील. दोघांचौघांनी माना डोलावल्या. बद्रीकाका मुकुट हातात घेऊन उभे, आणि डोळ्यांत पाणी. बाबा एका ओंडक्यावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

ती पाठ मी ओळखत होते. मला मुकुटाचं काही वाटलं नाही, मिलचंही नाही. मला त्या पाठीची भीती वाटली. आता हे उठले तर सरळ खाटेवर जातील, आणि मग कोणतंही लिंबू त्यांना उठवणार नाही. मी जाऊन समोर उभी राहिले. बोलायला काहीच नव्हतं माझ्याजवळ, दिवसभराची ती एक बातमी सोडून. म्हणून तीच सांगितली. "बाबा, कार्बन हलतो."

"दम दे," ते यांत्रिकपणे म्हणाले.

"नाही हो, तो हलणारच. सरांनी सांगितलं. रेणू ताठ उभाच नसतो, डोलत असतो. दोन्हीकडचा रेटा कधीच अगदी तंतोतंत समोरासमोर येत नाही. मधल्याला थोडं जावंच लागतं. मी तुम्हांला सांगितलं ते पुस्तकातलं होतं. खरा तसा नसतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ट्रॉलीकडे. टाइमकीपर माणूस, त्यांना एखादी गोष्ट पटायला लागली की ते बोट दुसऱ्या बोटावर टकटक वाजवत. तसं वाजवायला लागले. "खरा हलतो?"

"हलतो."

"मग आपण त्याला बांधलाय कशाला?"

ते उठले. "बद्री! साखळ्या लाव. झोपाळ्याला असतात तशा. अँगल काढून टाक सगळे." मुन्नालाल म्हणाला, "पर भिया, गणेशजी हिलेंगे तो..." बाबा म्हणाले, "हिलेंगे! हिलने दो! मेरी लड़की ने लेसर से देखा है, हिलते हैं!" आता लेसरनं गणपती कोणी पाहिला होता? पण त्या क्षणी बाबांना दुरुस्त करायला मी काही मूर्ख नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साखळ्या बसल्या, खाली टेकायला चार मऊ स्प्रिंगा. आई वखारीत किसाचं पातेलं घेऊन आली आणि मुकुट तिनं स्वतः शिवून पक्का केला, दाभणानं, गोंडा टोपीला शिवावा तसा. पुन्हा खटका ओढला. गोळे उडाले. दणका गणपतीनं अंगावर घेतला आणि तो डुलला, इकडे, तिकडे, सावकाश, आणि हळूहळू मधे येऊन थांबला. ट्रॉली हलली नाही. एक लट्टू विझला नाही. बद्रीकाका म्हणाले, "अरे, ये तो झूला झूल रिये हैं," आणि साष्टांग आडवे झाले, तिथेच लाकडाच्या भुशात.

बक्षीस आम्हांला मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. मिलही उघडली नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. पण त्या दिवशी दिवेलागणीला आमची झांकी आपल्या क्रमावर, आपल्याच जागी, रस्त्यावर उतरली. पुढे आखाड्याची मुलं लाठ्या फिरवत होती, ढोल वाजत होते, छतांवर, झाडांवर, दुकानांच्या पत्र्यांवर माणसं. दर थोड्या अंतरावर बाबा खटका ओढत, गोळे झगमगत उडत, आणि मधे गणपती डुलत. पोरांनी तर वेड घेतलं. "गणेशजी हिल रिये हैं! फिर से भिया, फिर से!" मी आणि आई गर्दीत चेंगरत, एकमेकींचा हात धरून ट्रॉलीच्या बाजूबाजूनं चालत होतो. परीक्षकांच्या मंचासमोर ट्रॉली थांबली. मंचावरच्या एका जाड चष्म्याच्या गृहस्थांनी माइकवरूनच विचारलं, "ये कौन सी कथा है, समझ नहीं आई। कौन से पुराण की है?"

बाबा ट्रॉलीवर उभे राहिले. पांढरी टोपी, अंगात लग्नातला कोट. कित्येक महिने भिंतीशीसुद्धा न बोललेला तो माणूस, सगळ्या इंदूरसमोर, माइकशिवाय, गेटावर ओरडायचा त्या आवाजात म्हणाला, "पुराण नहीं है साहब! सोडा है! सोडे के अंदर का है! मेरी लड़की इसकी फोटो निकालती है!"

लोक हसले, टाळ्या पिटल्या. चष्मेवाले गृहस्थही हसले, पण सोडेनात. "वो तो ठीक है। पर ये गणेशजी हिल क्यों रहे हैं? ढीले बाँधे हैं क्या?"

"ढीले नहीं हैं साहब," बाबा म्हणाले. "जिंदा हैं।"

ढोलवाल्यांनी जो दणका उडवला, त्यात पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. बद्रीकाका जनरेटरपाशी नाचत होते. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आसपास कुठे कांदाही नव्हता. बाबा मात्र ट्रॉलीवरून वाकून गर्दीत कोणाला तरी शोधत होते. मी हात वर केला. त्यांनी तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि ओरडले, "मंजे! बरोबर सांगितलं ना गं?"

मी ज्या आवाजात ओरडले तसा आवाज मी पुन्हा कधी काढलेला नाही. "बरोब्बर, बाबा! एकदम बरोब्बर!"